मॅन पेज सापडत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, चालतंही आहे, पण मॅनला (कमांडचं मॅन्युअल पान, म्हणजे मॅन पेज, दाखवणाऱ्या प्रोग्रामला) विचारलं की ‘नो मॅन्युअल एन्ट्री’ एवढंच उत्तर येतं. या तक्रारीमागची कारणं मोजकीच आहेत, पण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे पॅकेज काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. आधी आपलं प्रकरण कोणतं ते ठरवा. पहिले दोन प्रश्न त्यासाठीच आहेत. उदाहरणं मुख्यतः डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि अल्पाइन या लिनक्सच्या प्रकारांची आहेत. मॅक आणि बीएसडीवर जे वेगळं आहे ते त्या त्या जागी सांगितलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात कुठून करायची?

मेसेज नीट वाचण्यापासून. शेलच (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणत असेल तर मॅन हा प्रोग्रामच मशीनवर नाही. डेबियन, फेडोरा, आर्च यांवर ‘मॅन-डीबी’ नावाचं पॅकेज टाका, अल्पाइनवर ‘मॅनडॉक’. ‘नो मॅन्युअल एन्ट्री’ आलं तर मॅन आहे, पण त्याला पान मिळालं नाही. ‘नथिंग अप्रोप्रिएट’ हे उत्तर अप्रोपोसचं, म्हणजे शब्दावरून पानं शोधणाऱ्या कमांडचं असतं. त्याचा पानाशी नव्हे, शोधसूचीशी संबंध आहे. तो प्रश्न पुढे येईल. आणि ‘धिस सिस्टिम हॅज बीन मिनिमाइझ्ड’ अशी लांबलचक सूचना आली तर तुमच्या मशीनवरून पानं मुद्दाम कापलेली आहेत.

मेसेज वाचून झाला की डिस्कवर बघा. टारचं पान हवं असेल तर ‘फाइंड /यूएसआर /ऑप्ट -नेम "टार.१*"’. नावामागचा तारा विसरू नका, कारण पान बहुतेक वेळा जीझेड करून ठेवलेलं असतं. फाइल सापडली तर दोष मॅनच्या शोधमार्गाचा किंवा परवानग्यांचा. नाही सापडली तर पान डिस्कवर आलेलंच नाही, आणि मॅनपाथशी (मॅनने कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या सेटिंगशी) कितीही झटापट केली तरी ते उगवणार नाही. नेटवर सुचवलेले निम्मे उपाय वाया जातात ते ही एक पायरी गाळल्यामुळे.

पॅकेजमध्ये पान होतं की नव्हतं, हे कसं कळणार?

पॅकेज मॅनेजरला विचारा. डेबियन-उबुंटूवर ‘डीपीकेजी -एल पॅकेजचं-नाव’ (एल मोठं), फेडोरावर ‘आरपीएम -क्यूडी’, आर्चवर ‘पॅकमॅन -क्यूएल’. यादीत ‘/शेअर/मॅन/’ असलेली ओळ शोधा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. डीपीकेजीच्या यादीत पानाचा पत्ता दिसतो, पण ‘एलएस’ करून बघावं तर फाइल नाही. यादी खोटी नसते. पॅकेजात पान होतं, ते उलगडताना डीपीकेजीला ‘मॅन डिरेक्टरीतलं काही डिस्कवर ठेवू नकोस’ असा हुकूम होता. यादीत आहे आणि डिस्कवर नाही, असं दिसलं की थेट पुढच्या प्रश्नाकडे जा.

यादीतही पान नसेल तर ते शेजारच्या पॅकेजात असू शकतं. फेडोरावर एलएसचं पान ‘कोअरयूटिल्स’मध्ये नसून ‘कोअरयूटिल्स-कॉमन’मध्ये आहे. कुठलं पान कुठल्या पॅकेजात, हे ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स "*/मॅन१/एलएस.१*"’ सांगतं. डेबियनवर त्यासाठी ‘एपीटी-फाइल सर्च’ आहे. ते आधी इन्स्टॉल करून त्याची सूची अपडेट करावी लागते.

क्लाउडवरच्या उबुंटूवर किंवा डॉकर कंटेनरमध्ये एकही पान नाही. असं का?

कारण कोणीतरी जागा वाचवली आहे. कंटेनरमध्ये माणूस लॉगिन करून बसणार नाही, मग मॅन्युअल कशाला, असा हिशोब. कंटेनरपुरता तो पटण्यासारखा आहे. पण तीच कापलेली इमेज (सिस्टिमची तयार प्रत) सर्व्हर म्हणून वापरतात आणि रात्री दोन वाजता त्यावर माणूसच बसलेला असतो, तेव्हा वाचवलेले थोडे मेगाबाइट फार महाग पडतात. ज्या मशीनवर कोणी एसएसएच करून (दुरून लॉगिन करून) येतं, तिथे मॅन पेजं असलीच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कापणी होते ती अशी. मिनिमाइझ केलेल्या उबुंटूवर ‘/ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी/एक्सक्लूड्स’ ही फाइल असते आणि तीत ‘पाथ-एक्सक्लूड=/यूएसआर/शेअर/मॅन/*’ अशी ओळ असते. डेबियनच्या स्लिम इमेजमध्येही त्याच डिरेक्टरीतल्या फाइलीत असाच नियम सापडतो. ही ओळ असेपर्यंत तुम्ही कुठलंही पॅकेज टाका, त्याचं पान गाळलं जाणार.

उबुंटूवर सरळ मार्ग म्हणजे ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड. अलीकडच्या उबुंटूत ती वेगळ्या पॅकेजात गेली आहे, तेव्हा सापडली नाही तर त्याच नावाचं पॅकेज टाका. ती वगळण्याचे नियम काढते आणि ज्या पॅकेजांच्या फाइली गाळल्या गेल्या ती पुन्हा इन्स्टॉल करते. वेळ लागतो, डाउनलोडही बरंच होतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरू करू नका. शिवाय ‘मॅन-डीबी’ आहे ना हे स्वतः तपासा, नाहीतर पानं परत येतील आणि वाचायला मॅनच नसेल.

एक-दोनच पानं हवी असतील तर एवढा खटाटोप नको. एक्सक्लूड्स फाइलीतल्या मॅनच्या ओळीपुढे हॅश टाका आणि हवं तेवढंच पॅकेज ‘एपीटी इन्स्टॉल --रिइन्स्टॉल’ने पुन्हा टाका. मात्र अशा उबुंटूत ‘/यूएसआर/बिन/मॅन’च्या जागी एक छोटी स्क्रिप्ट बसवलेली असते, ती फक्त मिनिमाइझ्डची सूचना छापते. खरा मॅन ‘मॅन.रिअल’ नावाने बाजूला सरकवलेला असतो. पान डिस्कवर आलं तरी सूचनाच दिसत राहिली तर रूट (प्रशासक) म्हणून आधी ‘आरएम /यूएसआर/बिन/मॅन’ने ती स्क्रिप्ट काढा आणि मग ‘डीपीकेजी-डायव्हर्ट --रिमूव्ह --रिनेम /यूएसआर/बिन/मॅन’ चालवा.

स्लिम इमेजमध्ये जावा टाकताना मॅन१ डिरेक्टरीवरून इन्स्टॉलेशनच अडलं. मला तर मॅन पेज नकोच आहे!

जावाची पॅकेजं अल्टरनेटिव्ह्ज यंत्रणेतून (एका नावाच्या अनेक प्रोग्रामांतून एक निवडणारी) कमांडच्या जोडीला तिच्या पानाचीही सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) बनवायला जातात. जिथे बनवायची ती ‘/यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१’ डिरेक्टरीच इमेजमधून उडवलेली असेल तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येऊन सगळं थांबतं. डॉकरफाइलमध्ये इन्स्टॉलच्या आधी ‘एमकेडिर -पी /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१’ ही ओळ घाला. इतर काही पॅकेजांना मॅन७ सारखी दुसरी डिरेक्टरी लागते. एररमध्ये जी लिहिली असेल ती बनवा.

फेडोरा, आरएचईएल, रॉकी यांवरही अशी कापणी असते का?

असते, पण खूण वेगळी. ‘/ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फ’मध्ये (जुन्या मशीनवर यम या आधीच्या पॅकेज मॅनेजरच्या फाइलीत) ‘टीएसफ्लॅग्ज=नोडॉक्स’ ही ओळ शोधा. ती काढून ‘डीएनएफ रिइन्स्टॉल’ करा. सेटिंग कायमचं बदलायचं नसेल तर ‘डीएनएफ --सेटऑप्ट=टीएसफ्लॅग्ज= रिइन्स्टॉल पॅकेजचं-नाव’ तेवढ्यापुरतं चालतं. ‘आरपीएम -व्ही’ (व्ही मोठा) करून इथे काही कळत नाही. न टाकलेल्या डॉक्युमेंट फाइलींना तो हरवलेल्या समजत नाही.

अल्पाइनवर पॅकेज टाकलं, पान नाही.

तिथली रीतच ती. अल्पाइनमध्ये पानं शेवटी ‘-डॉक’ असलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात: गिटची ‘गिट-डॉक’मध्ये, कर्लची ‘कर्ल-डॉक’मध्ये. ‘एपीके ॲड मॅनडॉक मॅन-पेजेस’ करून वाचायची सोय होते. दर वेळी डॉक पॅकेज आठवून टाकायचा कंटाळा असेल तर ‘एपीके ॲड डॉक्स’ करा. मग आधीच्या आणि पुढे येणाऱ्या पॅकेजांची पानं आपोआप येतात. बिझीबॉक्समधल्या (अनेक छोट्या कमांड एकत्र असलेला प्रोग्राम) एकेका कमांडचं स्वतंत्र पान मात्र मिळणार नाही, तिथे ‘--हेल्प’वर भागवायचं.

ओपनबीएसडीवरही थोडं असंच आहे. इन्स्टॉलर जे संच विचारतो त्यात ‘मॅन’ आणि पुढे आवृत्तीचा आकडा असा एक संच असतो. तो नको म्हटलात तर मूळ सिस्टिमची पानं येत नाहीत.

‘मॅन प्रिंटएफ’ केलं तर शेलची कमांड दिसते, सी भाषेचं फंक्शन नाही. आणि ‘मॅन पीथ्रेड_क्रिएट’ तर सापडतच नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विभागांची. १९७१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून पानं क्रमांकाच्या विभागांत आहेत: १ मध्ये कमांड, २ मध्ये सिस्टिम कॉल, ३ मध्ये लायब्ररीची फंक्शनं. लिनक्सवर आज ५ मध्ये फाइलींचे फॉरमॅट आणि ८ मध्ये ॲडमिनच्या कमांड असतात. नाव दोन विभागांत असेल तर मॅन ठरलेल्या क्रमाने पहिलं मिळेल ते दाखवतो. म्हणून ‘मॅन ३ प्रिंटएफ’, ‘मॅन ५ क्रॉनटॅब’, ‘मॅन ५ पासडब्ल्यूडी’. एका नावाची सगळी पानं कोणती ते ‘मॅन -एफ प्रिंटएफ’ सांगतं, ‘मॅन -ए प्रिंटएफ’ ती एकामागून एक उघडतं. उलटही होतं: ‘मॅन १ आयपीटेबल्स’ सापडणार नाही, कारण ते पान ८ मध्ये आहे.

दुसरी गोष्ट पॅकेजची. सिस्टिम कॉल आणि लायब्ररीची पानं कंपायलरबरोबर येतातच असं नाही. डेबियन-उबुंटूवर ‘मॅनपेजेस-डेव्ह’ टाका, फेडोरा आणि आर्चवर ‘मॅन-पेजेस’. इंजिनिअरिंगच्या लॅबमधल्या मशीनवर हे पॅकेज नसलं की विद्यार्थी फोर्क आणि एक्झेकची माहिती नेटवर हुडकत बसतात. एका इन्स्टॉलचं काम आहे, लॅब असिस्टंटला सांगून करून घ्या.

डेबियनवर जीसीसी आहे, मेक आहे, पण ‘मॅन जीसीसी’ नाही. हे तर फारच झालं.

हा विसरभोळेपणा नाही, परवान्याचा वाद आहे. जीसीसीचं मॅन्युअल जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली आहे आणि त्यातले काही भाग बदलायला मनाई आहे. असे न बदलता येणारे भाग असलेलं डॉक्युमेंटेशन डेबियनच्या मुक्त विभागात बसत नाही, असा निकाल २००६ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने दिला. त्यामुळे सोर्सेसच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ हे विभाग जोडून ‘जीसीसी-डॉक’ वेगळं टाकावं लागतं. पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाची) पानं देणारं ‘मॅनपेजेस-पॉझिक्स’ही नॉन-फ्रीमध्येच आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या दोन घरांचं भांडण आणि पान वाचणारा मध्ये, अशातली गत.

‘मॅन सीडी’ का मिळत नाही?

सीडी हा वेगळा प्रोग्राम नाही, शेलच्या पोटातली कमांड आहे. ‘टाइप सीडी’ केलं की शेल तसं सांगतो. बॅशमध्ये ‘हेल्प सीडी’ वापरा, किंवा ‘मॅन बॅश’ उघडून शेवटाकडच्या बिल्टइन्सच्या भागात शोधा. झेडशेलमध्ये ‘मॅन झेडएसएचबिल्टइन्स’. एक्स्पोर्ट, सोर्स, युलिमिट, एलियस यांचंही तेच.

सबकमांडचं किंवा कॉन्फिग फाइलीचं पान कोणत्या नावाने शोधायचं?

सबकमांड बहुधा जोडरेघेने लिहितात: ‘मॅन गिट-कमिट’, ‘मॅन ओपनएसएसएल-रेक’. मॅन-डीबी ‘मॅन गिट कमिट’ असं सुटं लिहिलेलंही जोडून बघतो, पण प्रत्येक मॅनकडून ती अपेक्षा ठेवू नका. कॉन्फिग फाइलीचं पान फाइलीच्या नावाने विभाग ५ मध्ये असतं, जसं ‘मॅन एसएसएचडी_कॉन्फिग’. सिस्टिमडीच्या सर्व्हिसबद्दल नाव आठवत नसेल तर ‘सिस्टिमसीटीएल हेल्प’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव द्या, तिच्या युनिट फाइलीत नोंदलेली पानं उघडतात. ही सोय फार कमी लोक वापरतात.

पर्लची कागदपत्रं? डेबियनवर ‘पर्ल-डॉक’ वेगळं पॅकेज आहे. ते टाका, मग ‘पर्लडॉक’ चालेल.

मी सॉफ्टवेअर होम डिरेक्टरीत किंवा /ऑप्टमध्ये टाकलं आहे. पान डिस्कवर दिसतं, पण मॅनला सापडत नाही.

आधी ‘मॅनपाथ’ ही कमांड चालवा. मॅन कुठे कुठे शोधतो ते ती सांगते. त्यात तुमची डिरेक्टरी नसेल तर लगेच मॅनपाथ व्हेरिएबल सेट करायला जाऊ नका. मॅन-डीबी स्वतः हुशार आहे: पाथमध्ये (शेल जिथे प्रोग्राम शोधतो त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) ‘/ऑप्ट/अमुक/बिन’ असेल तर तो शेजारच्या ‘/ऑप्ट/अमुक/शेअर/मॅन’मध्येही बघतो. होममधल्या ‘.लोकल/बिन’ आणि ‘.लोकल/शेअर/मॅन’ यांचंही तसंच. म्हणून पूर्ण पत्ता देऊन किंवा एलियस करून प्रोग्राम चालवत असाल तर प्रोग्राम चालतो आणि पान मिळत नाही. बिन डिरेक्टरी पाथमध्ये घातली की दोन्ही सुटतात. सुडो लावून मॅन चालवला की पान गायब, याचंही कारण हेच: सुडो बहुधा स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो.

तरीही व्हेरिएबल लागलंच तर शेवटचा कोलन जपा. ‘मॅनपाथ=/ऑप्ट/अमुक/शेअर/मॅन’ एवढंच लिहिलं तर मॅन फक्त तिथेच शोधतो आणि बाकी सगळी पानं एका झटक्यात नाहीशी होतात. शेवटी कोलन ठेवला तर तुमची डिरेक्टरी आधी आणि नेहमीची यादी मागून येते. सुरुवातीला कोलन असेल तर क्रम उलटा. ‘काल चालत होतं, आज एकही पान उघडत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलीत) ही ओळ शोधतो. एखाद्या इन्स्टॉलरने ती गुपचूप घातलेली असते.

सगळ्या युजरांसाठी करायचं असेल तर डेबियनवर ‘/ईटीसी/मॅनपाथ.कॉन्फिग’, फेडोरा-आर्चवर ‘/ईटीसी/मॅन_डीबी.कॉन्फ’.

कार्गो किंवा स्नॅपने टाकलेल्या प्रोग्रामचं काय?

‘कार्गो इन्स्टॉल’ (रस्ट भाषेतले प्रोग्राम टाकणारी कमांड) फक्त बायनरी ठेवतो, पानं ठेवत नाही. काही प्रोग्राम पान स्वतः छापून देतात. रिपग्रेप हा मजकूर शोधणारा प्रोग्राम आवृत्ती १४ पासून ‘आरजी --जनरेट मॅन’ने देतो. ते आउटपुट ‘.लोकल/शेअर/मॅन/मॅन१/आरजी.१’ या फाइलीत वळवा, झालं. स्नॅपच्या आतली पानं बाहेरच्या मॅनला साधारणपणे दिसत नाहीत. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पान असलंच तर तिच्या ‘शेअर/मॅन’मध्ये असतं आणि एन्व्हायर्नमेंट चालू असताना पाथवरून सापडतं.

सोर्समधून कंपाइल केलं, ‘मेक इन्स्टॉल’ही केलं, तरी पान नाही.

पानं बऱ्याचदा ॲस्कीडॉक, एससीडॉक किंवा पॅनडॉकने तयार करावी लागतात. ते टूल मशीनवर नसेल तर अनेक प्रोजेक्टांची कॉन्फिगर स्क्रिप्ट तक्रार न करता पानं वगळते, कॉन्फिगरच्या आउटपुटमध्ये एखादी ‘नो’ची ओळ तेवढी असते. गिटमध्ये तर पानांसाठी ‘मेक इन्स्टॉल-मॅन’ हे वेगळं टार्गेट आहे.

इन्स्टॉल न करता कच्चं पान बघायचं असेल तर ‘मॅन -एल ./अमुक.१’.

रूटला पान दिसतं, मला नाही.

रूटचा युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारं सेटिंग) ०७७ असताना ‘मेक इन्स्टॉल’ केलं तर फाइली आणि डिरेक्टऱ्या इतरांना बंद होतात. ‘/यूएसआर/लोकल/शेअर/मॅन’ची मालकी-परवानगी ‘एलएस -एलडी’ने तपासा. डिरेक्टरी ७५५ आणि फाइल ६४४ हवी.

‘मॅन टार’ चालतं, पण ‘अप्रोपोस’ आणि ‘मॅन -के’ रिकामे येतात.

नावाने पान उघडायला मॅनला सूची लागत नाही, तो डिरेक्टऱ्या चाळतो. अप्रोपोस आणि व्हॉटइज मात्र तयार सूचीवर चालतात. रूट म्हणून ‘मॅनडीबी’ चालवा. मॅनडॉक वापरणाऱ्या सिस्टिमवर ‘मेकव्हॉटइज’. सूची होईपर्यंत थांबायचं नसेल तर मॅन-डीबीचं ‘मॅन -के’ मोठ्या केने चालवा. ते पानांचा पूर्ण मजकूर शोधतं. हळू आहे, पण विभागाचा आकडा जोडला तर सुसह्य.

माझा डेस्कटॉप मराठीत आहे. त्यामुळे पानं हरवतात का?

नाही. लोकॅल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) ‘एमआर_आयएन’ असेल तर मॅन आधी त्या भाषेच्या डिरेक्टरीत बघतो आणि तिथे नसेल तर इंग्रजी पान उघडतो. घोळ होतो तो वेगळाच. मराठी लोकॅल असलेल्या मशीनवरून एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेलात की लोकॅलची व्हेरिएबलं बरोबर जाऊ शकतात, आणि सर्व्हरवर ते लोकॅल तयार केलेलं नसेल तर मॅन ‘कान्ट सेट द लोकॅल’ म्हणतो. ती नुसती सूचना आहे, पान उघडतं. फार तर अवतरणचिन्हं विचित्र दिसतात. सर्व्हरवर लोकॅल तयार करा, नाहीतर त्या सत्रापुरतं ‘एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ ठेवा.

मॅकवर पान उघडतं, पण त्यात लिहिलेले ऑप्शन चालत नाहीत.

पान एका प्रोग्रामचं आणि चालतोय दुसरा. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरने जीएनयू कोअरयूटिल्स टाकल्या तरी ‘मॅन एलएस’ ॲपलसोबत आलेल्या बीएसडी एलएसचंच पान दाखवतं. जीएनयूची कमांड ‘जीएलएस’ नावाने असते. मूळ नावांची पानं हवी असतील तर त्या पॅकेजच्या ‘लिबएक्झेक/जीएनयूमॅन’ डिरेक्टरीत आहेत. कुठली फाइल उघडतेय ते ‘मॅन -डब्ल्यू एलएस’ने बघा आणि ‘टाइप -ए एलएस’शी ताडून पाहा. सिस्टिम कॉलची पानं मिळत नसतील तर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स टाकली आहेत का ते तपासा.

सगळं तपासलं. पानच नाही.

मग ‘--हेल्प’, जीएनयूचं सॉफ्टवेअर असेल तर ‘इन्फो’, आणि ‘/यूएसआर/शेअर/डॉक’मधली पॅकेजची डिरेक्टरी. डेबियनच्या धोरणाप्रमाणे प्रत्येक प्रोग्रामला मॅन पेज असायला हवं आणि नसणं हा बग मानला जातो, तेव्हा बग नोंदवायला संकोच नको. पूर्वी डेबियनचा मॅन अशा वेळी ‘मॅन ७ अनडॉक्युमेंटेड’ बघा म्हणायचा. ते पान ज्या पॅकेजात होतं तेच नसेल तर तेही सापडायचं नाही. स्वतः पान लिहायची तयारी असेल तर ‘हेल्प२मॅन’ हे टूल ‘--हेल्प’च्या आउटपुटवरून कच्चा आराखडा बनवून देतं. नंतर हात फिरवावा लागतो, पण कोऱ्या फाइलीपेक्षा बरं.

एवढं करण्यापेक्षा नेटवरचं पान वाचलं तर?

वाचा, पण कुणाचं ते बघून. लिनक्सच्या सिस्टिम कॉलसाठी मॅन७.ऑर्ग उत्तम, लिनक्स मॅन-पेजेस प्रकल्पाची धुरा २००४ पासून अनेक वर्षं सांभाळणाऱ्या मायकल केरिस्कची ती साइट. डेबियनच्या मॅनपेजेस साइटवर रिलीजप्रमाणे पान निवडता येतं, ओपनबीएसडीची पानं त्यांच्या स्वतःच्या साइटवर आहेत. सर्च इंजिनने वर आणलेलं पहिलं पान मात्र भलत्याच आवृत्तीचं किंवा बीएसडीचं निघू शकतं. ‘सेड -आय’चं बघा: जीएनयूमध्ये पुढे काही न देता चालतं, मॅकवर बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, रिकामं का होईना. पानाच्या तळाशी तारीख आणि आवृत्ती असते. ती आपल्या मशीनवरच्या ‘--व्हर्जन’शी जुळते का ते बघून मगच कमांड रूट म्हणून चालवा.